साधी गाठ

‘गाठ साधी आहे’ असं डॉक्टर म्हणाले की आपला जीव भांड्यात पडतो. साधी म्हणजे बिनाइन, बिनाइन म्हणजे कॅन्सर नाही, आणि कॅन्सर नाही म्हणजे विषय संपला. कुत्र्याच्या हाडाच्या बाबतीत मात्र विषय तिथून सुरू होतो, हे ज्ञान मला टायगरमुळे मिळालं.

टायगर म्हणजे आमचा डॉबरमन. तो कोल्हापुरात राजारामपुरीत आप्पांकडे राहतो. मी पुण्यात, म्हणजे त्याच्या लेखी शनिवार-रविवारचा पाहुणा. (कोल्हापूरकराने खरं तर कारवान पाळायचा. शेजारच्या मुधोळच्या कुत्र्याचं 2005 साली पोस्टाचं तिकीटसुद्धा निघालं. पण आप्पांना डॉबरमनच पाहिजे होता. असो.) टायगर पंधरा महिन्यांचा असताना पुढच्या उजव्या पायाला, मनगटाच्या जरा वर, सूज आली. लंगडायचा, पण बॉल दिसला की लंगडायचं विसरायचा. एक्स-रे काढला तर रेडियस हाडाच्या खालच्या टोकात एक मोठी काळी पोकळी. पहिल्या ठिकाणी सांगण्यात आलं, हाडाचा कॅन्सर दिसतोय, खांद्यापासून पाय काढून टाका.

राग आला होता, पण नंतर वाचत गेलो तसं कळलं की हा सल्ला अगदीच हवेतला नव्हता. ऑस्टिओसार्कोमा हा मोठ्या कुत्र्यांमधला हाडाचा सगळ्यात कॉमन कॅन्सर, आणि त्याची ठरलेली जागा म्हणजे कोपरापासून लांब आणि गुडघ्याच्या जवळ. मनगटाच्या वरचा रेडियस त्यात पहिल्या नंबरावर. बहुतेक केसेस सात-आठ वर्षांच्या कुत्र्यांत होतात, पण दीड-दोन वर्षांच्या आसपास आणखी एक छोटा उंचवटा असतो. नुसता पाय काढला तर कुत्रा साधारण चार-पाच महिने जगतो, वर केमोथेरपी दिली तर वर्षभराच्या आसपास. तरीही पाय काढतात, कारण त्या दुखण्यावर तेवढाच खात्रीचा उपाय असतो. आणि तीन पायांचा कुत्रा काही आठवड्यांत मजेत पळायला लागतो. त्याच्याकडे आरसा नसतो ना. आप्पा तर मनाने तयारही झाले होते. मला एकच गोष्ट टोचत होती. बॅकअप न घेता डिलीट मारायचं, तेही नुसत्या एका फोटोवरून?

दुसरे डॉक्टर भेटले त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि पोकळीकडे न बघता तिची कड बघितली. कॅन्सरची कड धूसर असते. रोगट हाड कुठे संपलं आणि चांगलं कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही, वरचं आवरण फाटलेलं असतं आणि बाहेर सूर्याच्या किरणांसारखं नवं हाड फुटलेलं दिसतं. टायगरची कड पेन्सिलने काढल्यासारखी होती. हाड फुग्यासारखं आतून फुगलेलं, भिंत पातळ पण शाबूत. ‘आप्पा, पाय कुठं पळून जात न्हाई,’ डॉक्टर म्हणाले. ‘आधी तुकडा काढून बघू.’

हा तुकडा काढणं म्हणजे बायॉप्सी. भूल देऊन एक जाड पोकळ सुई हाडात घालतात, तीसुद्धा मधोमध, कारण कडेच्या भागात शरीराने प्रतिकार म्हणून बनवलेलं साधं हाड मिळतं आणि रिपोर्ट फसवा येतो. टायगरच्या सुईतून आधी पिवळसर लाल पाणी आलं. डॉक्टरांचा चेहरा तिथंच जरा सैल झाला, पण तोंडाने काही बोलले नाहीत. रिपोर्टला आठ दिवस लागले. एवढे का, म्हणून विचारलं तर उत्तर फार सुंदर होतं. हाड कापता येत नाही. आधी आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढतात, ते मऊ पडलं की मग काच-पट्टीवर ठेवण्याइतका पातळ काप निघतो. त्या आठ दिवसांत मी ऑफिसात काय कोड लिहिला, मला आठवत नाही.

रिपोर्ट आला: बोन सिस्ट. हाडातली पाण्याची पोकळी. वाढीच्या वयातल्या मोठ्या जातीच्या कुत्र्यांत होते, आणि डॉबरमनमध्ये बऱ्याचदा नोंदलेली आहे. साधी! आप्पांनी पेढे आणायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पेढे आणा, पण ऑपरेशन करायचंय.

कारण भिंत अंड्याच्या कवचाएवढी उरली होती. जिन्यावरून एक उडी, आणि हाड मोडणार. मोडलेली पोकळी जोडायची म्हणजे भलताच व्याप. हाडाच्या सगळ्याच साध्या गाठी काढाव्या लागतात असं मात्र नाही. डोक्याच्या हाडावरचा टणक गुळगुळीत ऑस्टिओमा कशाला अडत नसेल तर त्याच्या नादी लागत नाहीत. वाढीच्या वयात हाडांवर कूर्चेची शिंगं फुटतात, ती हाडांची वाढ थांबली की बहुधा थांबतात, दुखत नसतील तर नुसती लक्षात ठेवायची. पुढे क्वचित बिघडू शकतात म्हणून लक्षात ठेवायची. आणि याच्या बरोबर उलट म्हणजे हिरडीतला ॲमेलोब्लास्टोमा. नावाला बिनाइन, शरीरात कुठेही पसरत नाही, पण खालचं जबड्याचं हाड खात सुटतो. तिथे सेंटिमीटरभर चांगल्या हाडासकट जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. अशा गाठीपुढे ‘साधी’ हा शब्द ऐकून घरी निघून जाणं परवडत नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी टायगरच्या ओठाला आतून बारीक छेद दिला आणि घड्याळ लावून बसले. डॉबरमनमध्ये रक्त न गोठण्याचा एक आनुवंशिक दोष असतो. चारेक मिनिटांत रक्त थांबलं तर पुढे जायचं. थांबलं.

मग हाडाला छोटी खिडकी पाडली, पाणी काढलं, आतलं अस्तर चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढलं. अस्तर राहिलं तर पोकळी परत भरते, म्हणून इथे घाई चालत नाही. खरवड पुन्हा लॅबकडे, कारण सुईने एकच कोपरा पाहिलेला असतो. आता भोक भरायचं कशाने? तर त्याच्याच हाडाने! खांद्याजवळच्या हाडाच्या वरच्या टोकात स्पंजासारखं जाळीदार हाड असतं. तिथून चमचा-चमचा काढून मनगटाच्या पोकळीत ठासून भरलं. यात जिवंत पेशी असतात, नव्या हाडाला चढायला मांडव मिळतो, आणि माल घरचाच असल्यामुळे शरीर कुरकुर करत नाही. मला हा भाग सगळ्यात आवडला. बाहेरून काही आणायचं नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सामान हलवायचं.

त्यानंतर पायाला आधाराची पट्टी, उड्या बंद, जिना बंद. हे मात्र ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. आप्पांनी सोप्यात दोन पाट आडवे लावून त्याचं अंगण बंद केलं आणि स्वतः खाट टाकून तिथंच झोपायला लागले. आई म्हणाली, माझ्या गुडघ्याच्या वेळी एवढं केलं नव्हतं. यावर आप्पांनी पेपर वर धरला.

सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. काळ्या भोकात पांढऱ्या धुक्यासारखं काहीतरी दिसत होतं, एका बाजूला अजून काळी चंद्रकोर. दुसरा रिपोर्टही स्वच्छ आला होता. डॉक्टर म्हणाले, चंद्रकोर भरते का बघायला दोन महिन्यांनी या, तोपर्यंत बॉल कपाटात.