एकदा लिहावे, सर्वत्र चालावे

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाची आज्ञावली लिहावी, याचे घरी सर्वांना नवल वाटले. मी गूगलचे 'फ्लटर' निवडले. त्याची पहिली पक्की आवृत्ती २०१८ साली आली. २०२१ पासून एकदा लिहिलेले तेच अँड्रॉइडवर, आयफोनवर आणि वेबवरही चालते. आरंभी एक नमुना आयताच मिळतो : बटण दाबले की आकडा एकाने वाढतो. आकडे मात्र इंग्रजी! तेरची आमची आजी रतिबाचे दूध रोज मोजते, पण तिला ओळख फक्त मराठी आकड्यांची. 'डार्ट' भाषेच्या काही ओळी लिहून मी आकडे बदलले. मोजणी सातवर होती. बदल जतन करताच, ती न थांबता, फोनवर '७' उमटला. यंत्रे कितीही येवोत, त्यांना आपली भाषा शिकविण्याचे काम आपल्या कलाशाखेचेच नाही का?