ऐकलेल्या साहित्याचा रविवार

मराठी समीक्षेत 'वाचक' या संज्ञेने गेल्या काही दशकांत मोठी मजल मारली आहे. एके काळी रसिक म्हणून कडेला बसलेला हा वाचक पुढे अर्थनिर्मितीचा भागीदार ठरला. संहितेतील मोकळ्या जागा तो भरतो, तिला पूर्णत्व देतो, असे आपण मांडू लागलो. या साऱ्या मांडणीत वाचक हातात पुस्तक घेऊन बसलेला असतो, आणि तो मागचे पान उलटू शकतो, हे गृहीत धरलेले असते. ज्याला मागचे पान उलटता येत नाही असा एक दुसरा ग्राहक आहे. तो म्हणजे श्रोता. त्याचा विचार आपण लोकसाहित्याच्या प्रकरणात करतो, नभोनाट्याच्या एखाद्या परिच्छेदात करतो आणि पुढे निघून जातो. श्रोत्याचा प्रश्न मला पडला तो ग्रंथांतून नव्हे. शनिवार-रविवारी लंडनहून येणारे कार्यक्रम अंबाजोगाईत बसून वर्षानुवर्षे ऐकल्यामुळे तो पडला. म्हणून त्या अनुभवाच्या आधारेच तो मांडून पाहतो.

बी.बी.सी.ची वर्ल्ड सर्व्हिस १९३२ साली 'एम्पायर सर्व्हिस' या नावाने सुरू झाली. आमच्या पिढीच्या श्रवणकाळात, म्हणजे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदीपर्यंत, तिच्या कार्यक्रमांना एक आठवडी लय होती. सोमवार ते शुक्रवार बातम्या, विश्लेषणे आणि वृत्तांत यांचा दाब असे. शनिवार उजाडला की तो दाब सैल होई. क्रीडासमालोचन, संगीत, पूर्ण लांबीचे नाटक, कथावाचन आणि अलिस्टर कूक यांचे 'लेटर फ्रॉम अमेरिका' हे पंधरा मिनिटांच्या आतले भाषण यांना मोकळी जागा मिळे. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवणीशी या योजनेचे नाते उघड आहे. मात्र पुरवणी दुपारपर्यंत घरात पडून राहते, कोणत्याही क्रमाने वाचता येते. नभोवाणीची पुरवणी तिच्याच वेळेला येते आणि तिच्याच वेळेला निघून जाते.

ही वेळही आपली नव्हती. लंडनमधील रविवार रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटेचा दीड. आखाती देशांत सुट्टी शुक्रवारी, शेतकऱ्याच्या घरी तर रविवार नावाची वस्तूच नाही. एका शहराचा विसावा साऱ्या पृथ्वीचा विसावा म्हणून प्रक्षेपित होत होता. यातील साम्राज्याचा अवशेष नाकारण्याचे कारण नाही. परंतु उसना रविवारही मनुष्य आपल्या पद्धतीने घालवतो, हेही तितकेच खरे.

शॉर्टवेव्हच्या श्रवणाचे स्वरूप येथे सांगितले पाहिजे, कारण पुढील विवेचनाशी त्याचा संबंध आहे. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून परावर्तित होऊन दूर पोचतात. तो थर सूर्याच्या प्रकाशाने बदलतो. त्यामुळे दिवसा १९ किंवा १६ मीटरवर जो आवाज स्वच्छ मिळतो, तो रात्री ३१ वा ४९ मीटरवर शोधावा लागतो. शिवाय आवाज एका पातळीवर राहत नाही. भरतीसारखा चढतो, ओसरतो, शेजारच्या केंद्राच्या कुजबुजीत बुडतो आणि पुन्हा वर येतो. बालाघाटच्या पठारावर पावसाळ्यातल्या विजा त्यात आपली खरखर मिसळीत. वाक्याचा एखादा तुकडा गहाळ होणे हा या श्रवणाचा नित्याचा भाग होता. मोकळ्या जागा भरणारा ग्राहक ही कल्पना आमच्यापुरती रूपक नव्हती.

माझे थोरले मामा माझ्यासोबत ऐकत. निजामी राजवटीत उर्दू माध्यमातून शिकलेले, पुढे शाळेत इंग्रजी शिकविणारे हे गृहस्थ चांगले वाचक होते. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. कोणी वाचून दाखवावे अशी अपेक्षा त्यांनी कधी व्यक्त केली नाही; त्यांनी ट्रान्झिस्टर उशाशी घेतला. सुई फिरविण्याचे काम त्यांच्या बोटांना माझ्या डोळ्यांपेक्षा अधिक साधे. रविवारी नाटक चालू असताना ते बोलत नसत. संपल्यावर मात्र पात्रांच्या येण्याजाण्याबद्दल असे काही सांगत, की मला रंगमंच दिसू लागे. आवाज दूर गेला म्हणजे माणूस खिडकीशी गेला, कपबशी वाजली म्हणजे तो आता खरे बोलणार नाही. हे त्यांचे वाचनच होते. पण त्याला आपल्या शास्त्रात नाव नाही.

कूक यांच्या भाषणांविषयी त्यांचे मत मी येथे नोंदवितो, कारण मला ते समीक्षा म्हणून मोलाचे वाटते. "हा लिहितो, पण कागदासाठी लिहीत नाही," ते म्हणाले होते. "छापलेलं वाक्य तू दोनदा वाचशील. याला ठाऊक आहे की मला ते दुसऱ्यांदा मिळणार नाही. म्हणून महत्त्वाची गोष्ट तो वाक्याच्या शेवटी ठेवतो, आणि पुढच्या वाक्यात तिला हळूच पुन्हा हात लावतो. आपले कथेकरी बुवा दुसरं काय करतात?"

१९४६ च्या मार्चमध्ये अवघ्या १३ आठवड्यांसाठी म्हणून सुरू झालेली ही भाषणमालिका २००४ च्या फेब्रुवारीपर्यंत, २,८६९ भाषणांपर्यंत चालली. थांबली तेव्हा कूक ९५ वर्षांचे होते, आणि पुढच्याच महिन्यात ते वारले. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिल्यास हा लघुनिबंधच. एखाद्या क्षुल्लक निरीक्षणापासून आरंभ, मग सैल वाटणारी वळणे, आणि शेवटी ज्या विषयाचा सुगावाही नव्हता त्याच्या दारात वाचकाला, नव्हे श्रोत्याला, आणून सोडणे. फडके-खांडेकरांच्या काळात आपल्याकडे रुजलेल्या या प्रकाराची लाट नंतर ओसरली, कारण त्यातील 'मी'चे लाडिकपण वाचकाला खुपू लागले. कूक यांचा 'मी' खुपत नाही. याचे एक कारण मला असे दिसते, की बोलणाऱ्याचा 'मी' आवाजातच असतो. त्याला वाक्यात पुन्हा मिरवावे लागत नाही. १९६८ च्या जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्यावर लॉस एंजेलिसच्या हॉटेलात गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा कूक तेथे होते. त्या रविवारचे त्यांचे भाषण हे प्रत्यक्षदर्शीचे निवेदन आहे. स्वतःच्या भीतीविषयी त्यात फारच थोडे शब्द आहेत, आणि आवाजाने उरलेले काम केले आहे.

श्रोत्याचा हा विचार बी.बी.सी.च्या भिंतींआड पूर्वी एकाने केला होता, आणि त्याचा मराठीशी प्रत्यक्ष संबंध आला होता, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात भारतासाठीच्या विभागात काम करीत होते. त्यांचा इंग्रजी साप्ताहिक वार्ता-आढावा शनिवारी प्रक्षेपित होई. म्हणजे भारतीय श्रोत्याचा शनिवार लंडनने तेव्हाही हेरला होता. १९४२ साली बी.बी.सी.ची मराठी सेवा सुरू झाली (ती १९५८ पर्यंत चालली). तिच्यासाठीही ऑर्वेल इंग्रजीत वार्तापत्रे लिहीत. ती मराठीत भाषांतरित होऊन वाचली जात. या कामात कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे यांचा वाटा होता. पुढे १९५० साली त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. ऑर्वेल यांनी 'व्हॉइस' या नावाने कवितेचे एक नभोमासिकही चालविले. त्याचे सहा अंक निघाले. पहिला अंक ११ ऑगस्ट १९४२ चा, म्हणजे गांधीजींना आणि काँग्रेसच्या नेत्यांना अटक होऊन दोन दिवस झाले असतानाचा. ज्या देशातील लोकांचे बोलणे बंद केले जात होते, त्या देशाला काव्यवाचन ऐकविले जात होते. ही विसंगती ऑर्वेल यांना जाणवत नव्हती असे नाही. आपले ऐकणारे फारच थोडे आहेत, हे उमगल्यावर १९४३ च्या अखेरीस त्यांनी ती नोकरी सोडली.

या अनुभवातून त्यांनी कविता आणि ध्वनिक्षेपक यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला. तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक मुद्दा मला सैद्धांतिकदृष्ट्या महत्त्वाचा वाटतो. नभोवाणीचे श्रोते लाखो असले तरी प्रत्येक जण एकटा किंवा चौघांच्या घोळक्यात ऐकतो. कवीला वाटते की आपण एकाशीच बोलत आहोत. सभेतील श्रोत्यांप्रमाणे हा श्रोता वक्त्यावर दडपण आणू शकत नाही. कंटाळला तर कळ फिरवितो, इतकेच. म्हणून कवी त्याच्याशी खालच्या पट्टीत, खोटा आव न आणता बोलू शकतो. मुद्रित पुस्तकाचा वाचक अनोळखी, सभेचा श्रोता अनावर. नभोवाणीचा श्रोता या दोहोंच्या मधला. मामांनी कूक यांच्या वाक्यरचनेविषयी जे म्हटले, त्याची ही दुसरी बाजू आहे.

लंडनची मराठी त्या काळात आमच्या गावी पोचली असेल तर कोणाच्या कानी पोचली असेल? अंबाजोगाई तेव्हा कागदोपत्री मोमिनाबाद होते. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. रेडिओ मोजक्या घरांत. मराठीला दरबारात मान नसलेल्या संस्थानात, त्या दरबाराला पाठीशी घालणाऱ्या साम्राज्याच्या राजधानीतून मराठी बोलली जात होती, आणि तीही ऑर्वेलच्या इंग्रजीवरून उतरविलेली. त्या मराठीची लय कशी होती, भाषांतराने ऑर्वेलच्या आखूड वाक्यांचे काय केले, हे तपासण्याची इच्छा कोणत्याही अभ्यासकाला होईल. ते करता येत नाही. ऑर्वेल यांचा आवाज असलेली एकही ध्वनिफीत आज उपलब्ध नाही. त्यांची इंग्रजी टिपणेही बी.बी.सी.च्या दप्तरात धूळ खात होती. ती १९८५ साली ग्रंथरूपात आली. मराठी आवाज हवेतच राहिला.

नेमके उलटे उदाहरण कूक यांचे आहे. बी.बी.सी.ने त्यांची शेकडो भाषणे जपून ठेवली नव्हती. अलीकडे त्यांतील सहाशेहून अधिक परत मिळाली, ती श्रोत्यांकडून. घरच्या टेपरेकॉर्डरवर आठवड्यामागून आठवडे ती ध्वनिमुद्रित करून ठेवणाऱ्या सामान्य माणसांकडून. संस्थेने टाकलेली संहिता श्रोत्याने वाचविली.

हे आपल्याला नवीन वाटण्याचे कारण नाही. ज्या गावात मी हे लिहितो, तेथे मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते. शके १११० चा 'विवेकसिंधु' याच परिसरातला की अन्यत्रचा, हा वाद संशोधकांकडे सोपवू. त्या ग्रंथाची रचना गुरुशिष्यसंवादाची आहे, हे मात्र सर्वमान्य आहे. तेथे श्रोता संहितेच्या आतच बसविलेला आहे: तो विचारतो, अडवितो, पुन्हा सांगायला लावतो. याच गावच्या दासोपंतांची पासोडी पाहा. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले, आकृत्यांसह. एकट्याने मांडीवर घेऊन वाचायची ही वस्तू नव्हे. ती उलगडून धरावी, एकाने दाखवीत सांगावे आणि सभोवतालच्यांनी पाहत ऐकावे, असाच तिचा आकार सुचवितो. आणि ओवीतील पुनरुक्ती, चरणान्तीचा यमकाचा टेका, 'ऐका' 'परिसा' ही संबोधने यांना आपण कधी शैलीचे अलंकार म्हणतो, कधी पाल्हाळ म्हणतो. ती एका व्यवहारातली सोय होती. ज्याला मागचे पान उलटता येत नाही त्याच्यासाठी कवीने मागचे पान पुढे आणून ठेवलेले असते. हे मला पोथीवरून उमगले नाही. लंडनच्या एका निवेदकाची वाक्ये आणि मामांची टिप्पणी ऐकताना उमगले. परकीय माध्यमातून स्वतःच्या परंपरेचा एक गुण ध्यानी यावा, यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

वर्ल्ड सर्व्हिसने आणखी एक गोष्ट केली. श्रोत्यांनी पाठविलेल्या लघुकथांना तिने प्रक्षेपणात जागा दिली, आणि १९८९ पासून ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने ब्रिटनबाहेरच्या लेखकांसाठी नभोनाट्यस्पर्धा चालविली. ऐकणारा लिहू लागला. अर्थात हे सारे इंग्रजीत. इंग्रजी न येणाऱ्या माझ्या आईला रविवारच्या त्या तासात ट्रान्झिस्टरमधून केवळ खरखर आणि एक गंभीर पुरुषी आवाज ऐकू येई. तिचे साहित्य त्याच दिवशी देवळातल्या कीर्तनात होते. एका घरात दोन प्रकारचे श्रवण चालू होते आणि दोघांपैकी कोणीही 'वाचक' नव्हते. आपल्या समीक्षेच्या व्याख्येनुसार त्या दिवशी त्या घरात साहित्यव्यवहार घडलाच नाही, असे म्हणावे लागेल. मला हे मान्य नाही.

आता ती व्यवस्था उरलेली नाही. २०१२ मध्ये वर्ल्ड सर्व्हिसने बुश हाउस सोडले, बी.बी.सी. हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. २०१७ पासून बी.बी.सी. मराठी पुन्हा अस्तित्वात आली आहे, परंतु पडद्यावर. श्रवण संपलेले नाही. पॉडकास्ट आणि ध्वनिपुस्तके मराठीतही रुजत आहेत. मात्र तेथे श्रोत्याला मागचे पान मिळाले आहे: बोट सरकविले की दहा सेकंद मागे जाता येते. या सोयीने वाक्याची रचना बदलेल, पुनरुक्तीचे प्रयोजन सरेल, 'एकदाच' ऐकण्यातले अवधान पातळ होईल, की नवी लय जन्मेल, हा आजचा सैद्धांतिक प्रश्न आहे, आणि त्याची उपकरणे आपल्यापाशी तयार नाहीत. ती घडवायची तर ध्वनिमुद्रणे जपण्यापासून आरंभ करावा लागेल. आकाशवाणीच्या परभणीसारख्या केंद्रांवरून झालेली काव्यवाचने, नभोनाट्ये, भाषणे कोणाच्या घरच्या फितींवर आहेत, याचा शोध वाङ्मयेतिहासाचे काम म्हणून घ्यावा लागेल.

मामा गेले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांनी शेवटच्या बारा वर्षांत एकही पुस्तक उघडले नाही. या काळात जे साहित्य त्यांनी ग्रहण केले, ज्याची चिकित्सा केली, ज्यावर माझ्याशी वाद घातले, ते सारे कानाने. त्यांना साहित्याचे जाणकार म्हणायचे असेल, आणि मला ते म्हणायचे आहे, तर 'वाचक' ही संज्ञा अपुरी आहे. तिच्या शेजारी श्रोत्यासाठी आसन मांडावे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.