आगपेटी गेटवरच

मे महिन्यात भद्रावतीला घरी बसून काम करत होतो. पुण्याच्या एका कंपनीसाठी तापमानाच्या सेन्सरचा ड्रायव्हर लिहायचा होता. युजर स्पेसमधला चाचणी प्रोग्राम रास्पबेरी पायवर आधीच आकडे देत होता. म्हटलं, तोच उचलून लिनक्सच्या कर्नल मॉड्यूलमध्ये टाकू, जेवायच्या आत मोकळे.

कंपाइलर म्हणाला, एसटीडीआयओ.एच नावाची फाईल सापडत नाही. फाईल डिस्कवर होती, मला दिसत होती. पण कर्नल ‘नोस्टडइंक’ देऊन बांधतात. हेडर नेहमीच्या जागी शोधायचेच नाहीत, असा त्याचा अर्थ. हे वाचलेलं होतं. तरी मेकफाईलमध्ये यूएसआर-इन्क्लूडची वाट लिहिली. तेवढ्यानं भागेना म्हणून आतल्या आर्किटेक्चरच्या फोल्डरचीही.

मग एररचा लोंढा. त्यातली एक ओळ मी दोनदा वाचली: ‘डेव्ह_टी’चे प्रकार जुळत नाहीत. डिव्हाइसच्या नंबरचा हा प्रकार कर्नलमध्ये 32 बिटांचा, त्यातले 12 मेजर नंबरला, 20 मायनरला. युजर स्पेसच्या जीलिबसी लायब्ररीच्या हेडरमध्ये तोच 64 बिटांचा. नाव एक आणि मापं दोन! दोन्ही व्याख्या समोरासमोर आल्या म्हणून कंपाइलरनं पकडलं. एखादं स्ट्रक्चर बाहेरच्या मापानं गुपचूप आत आलं असतं तर मशीनच आडवं झालं असतं.

“काय करून राहिला रे इतका वेळ?” बाबांनी विचारलं. ते आयुध निर्माणीतून रिटायर झालेले. मी जमेल तसं सांगितलं.

“आमची आगपेटी गेटवरच काढून घेत,” ते म्हणाले. “बिडीवाल्याचा खिसा सगळ्यात आधी. आत जे लागे ते आतच भेटे.”

कर्नलमध्येही भेटतं. प्रिंटएफच्या जागी प्रिंटके, मॅलॉकच्या जागी केमॅलॉक, स्ट्रिंगची फंक्शनं घरचीच. मॅलॉकला मेमरी कमी पडली की ती सिस्टिम कॉल करून कर्नलकडेच मागते. कर्नलनं मॅलॉकला हाक मारणं म्हणजे विहिरीनं घागरीकडे पाणी मागणं. मेकफाईलमधल्या दोन्ही ओळी पुसल्या.

फ्लोट मात्र जाम नडला. कर्नल एरवी फ्लोटिंग पॉइंटला हात लावत नाही, कारण त्या रजिस्टरांत चालू प्रोग्रामचे आकडे असतात. म्हणून अंश हजारानं गुणून पूर्णांकात ठेवायचे. लिनक्सच्या सेन्सरांसाठीच्या एचडब्ल्यूमॉन विभागात हीच रीत आहे.

ड्रायव्हर आणि प्रोग्राम, दोघांनाही लागेल अशी फाईल एकच उरली: आयओसीटीएलचे नंबर आणि एक छोटं स्ट्रक्चर. कर्नलच्या अशा सामायिक व्याख्या 2012 मध्ये 3.7 आवृत्तीपासून ‘यूएपीआय’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवल्या आहेत. डेव्हिड हॉवेल्स यांचं ते किचकट काम. मीही तशीच फाईल केली, दोन्हीकडे माप सारखं राहील असे प्रकार वापरून.

दुपारी तीनला बोर्ड अंगणात नेऊन ठेवला. स्क्रीनवर 46250 आलं.

“शेहेचाळीस हजार?” बाबा चष्मा सावरत म्हणाले.

“सव्वा शेहेचाळीस.”

“मग बरोबर हाय. घरात घे ते, जळून जाईल.”