मांडवीची खोटी चिठ्ठी

सुरतेहून शहाद्याला जायचं तर सरळ वाट ताप्ती लाइनची. उधन्याला भुसावळकडची गाडी पकडली की डब्यात अहिराणीच कानावर पडते. लिंबायत-उधन्याच्या लूमवर राबणारा खान्देश सणावाराला याच गाडीने गावी जातो. मी मात्र मुद्दाम वाकडी वाट धरली. मला आधी मांडवी बघायची होती. सुरत जिल्ह्यातलं, तापीकाठचं हे तालुक्याचं गाव. तिथं काय आहे बघण्यासारखं, असं बसमधल्या शेजाऱ्याने विचारलं. एका पक्ष्याबद्दल इथलं नाव घेऊन कुणी खोटं बोललं होतं, ते ठिकाण बघायचंय, असं सांगितलं असतं तर त्याने जागा बदलली असती. नदी बघायला चाललोय म्हणालो.

जानेवारी अखेर होती. पोंकाचे, म्हणजे आपल्या हुरड्याचे दिवस. त्याने आपल्या पुड्यातला पोंक पुढे केला. कोवळे हिरवे दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव. हुरडा आपणही खातो, पण शेवेची ही जोड द्यायला सुरतीच पाहिजे.

आता ते खोटं. रानपिंगळा नावाचं वीतभर घुबड आहे. ब्लेविट नावाच्या माणसाने १८७२ साली ते मिळवलं, पक्षीतज्ज्ञ ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन हा खान्देशात नोकरीला असलेला मुलकी अधिकारी. फावल्या वेळात पक्षी टिपणारा, नोंदी ठेवणारा. त्याने शहादा-तळोद्याच्या रानातून आणखी काही नमुने जमवले. १८८४ नंतर हा पक्षी दिसलाच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी उरली. त्यांतल्या एकाच्या पायाला चिठ्ठी होती: मांडवी, तापीकाठ, १९१४. सही ब्रिटिश पक्षीसंग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांची.

म्हणजे सगळ्यांत ताजा पुरावा मांडवीचा. शोधणाऱ्याची नजर इथं वळणार, हे उघडच आहे.

मांडवीला उतरून मी नदीवर गेलो. काठाला भाजीचे मळे, पलीकडे उसाची हिरवी पट्टी, पुलावर ट्रॅक्टरची रांग. वर काकरापारचा बंधारा असल्याने पाणी कालव्यात शिरतं आणि पाणी आलं की ऊस येतोच. विजेच्या तारेवर दोन पिंगळे बसले होते. डोक्यावर पांढरे ठिपके, म्हणजे आपले नेहमीचे, वाड्याच्या वळचणीत राहणारे. मला हवे होते ते हे नव्हेत, आणि ते इथं भेटणारही नव्हते.

या पिंगळ्यासाठी झुरलेल्यांत सालिम अली होते. मुंबईत १८९६ साली जन्मलेला हा माणूस नव्वदीपर्यंत पक्ष्यांमागे फिरला. किहीमला सुगरणीची घरटी बघत महिने काढले, १९४०च्या दशकात गुजरातचं पक्षी-सर्वेक्षण केलं, भरतपूरचं पाणथळ आणि सायलेंट व्हॅली वाचावी म्हणून शब्द खर्च केला. १९३७ साली अफगाणिस्तानात ते पक्षी गोळा करायला गेले, तेव्हा बरोबर हेच माइनर्ट्झहॅगन होते. कर्नलसाहेबांनी रोजनिशीत अलींविषयी बरंच तिरकस लिहून ठेवलं. अलींनी ते न रागावता स्वतःच्या आत्मचरित्रात छापलं. एवढा मोठेपणा मला जमला नसता. रानपिंगळा अलींनी शोधला, त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ले यांनीही शोधला. मिळाला नाही. जून १९८७ मध्ये अली गेले, ते तो न पाहताच.

रिप्ले यांच्या हाताखाली काम केलेल्या पामेला रासमुसेन यांनी पुढे ती कातडी तपासायला घेतली. मांडवीच्या कातड्याचा एक्स-रे काढला, आतला कापूस बघितला, शिवण बघितली. हात डेव्हिडसनचा निघाला. कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचा पक्षी उचलला होता, नव्याने भरला होता आणि स्वतःची चिठ्ठी बांधली होती. रासमुसेनबाईंनी मांडवी यादीतून खोडली आणि खऱ्या चिठ्ठ्यांची गावं धरली.

मीही खोडली. व्यारा, सोनगड, उकाईचं धरण उजवी-डावीकडे टाकत नवापूर. इथलं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. नंदुरबारला शेवभाजी-भाकरी, मग प्रकाशाला तापी ओलांडून शहादा.

शहाद्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा पानगळ झालेल्या फांदीवर दिसला, ११३ वर्षांनी. म्हणजे डेव्हिडसनने लिहिलं होतं तिथंच.

वनरक्षक मला तोरणमाळच्या वाटेवरच्या विरळ सागात घेऊन गेला. वाटेत बकऱ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, “काय देखी राह्यनात भाऊ?” पिंगळा म्हटल्यावर त्याने मान वळवली. या पाखराचं नाव सकाळी घेऊ नये, एवढंच पुटपुटला. घुबड म्हटलं की करणी-भानामती आलीच, आणि त्यापायी ही पाखरं मारलीही जातात.

ऊन वर आल्यावर तो दिसला. भर उजेडात, कारण हा दिवसा वावरणारा पिंगळा. डोकं जवळजवळ कोरं, पोटाचा मधला भाग पांढराशुभ्र, पाय पिसांनी पायमोजे घातल्यासारखे जाड. शेपूट डावी-उजवीकडे झटकत होता. खाली सरडा हलला, तसा तो उतरला आणि चोचीत घेऊन परत त्याच फांदीवर येऊन बसला. आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. फांदीच्या पलीकडे दोनशे पावलांवर रान संपून तुरीचं शेत लागत होतं. शेत कसणाऱ्यालाही पोट आहे आणि हक्काचा दावाही आहे, त्यामुळे ‘अतिक्रमण’ हा शब्द मी शहरात वापरतो तितक्या सहज तिथं वापरवेना. पण झाडाच्या ढोलीशिवाय हा पक्षी अंडी घालत नाही, हेही तितकंच खरं.

पुढे मेळघाट, यावल, डांगातलं पूर्णा अभयारण्य आणि २०१४ साली तानसा इथंही तो सापडला. २०१८ साली त्याचा धोक्याचा दर्जा एक पायरी उतरला. पूर्णा मांडवीपासून फार लांब नाही. म्हणजे कर्नलसाहेबांनी थापच मारायची होती, तर डांगाची तरी मारायची.

कुणाला जायचं असेल तर पानगळीत, वनखात्याची परवानगी काढून जा. मोबाइलवर त्याची साद वाजवू नका, ढोलीजवळ घुटमळू नका. दिसला तर तारीख आणि गाव खरं लिहा, नाही दिसला तर तेही लिहा.