बोहनीची वेळ

दर्यापूरला मी प्रथम गेलो तो १९८३ च्या जानेवारीत. पदोन्नतीचा आदेश खिशात होता आणि गावाविषयीची माझी माहिती जवळजवळ शून्य होती. मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून ‘शकुंतला’ या अरुंद मापाच्या आगगाडीत बसलो. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत न्यावा म्हणून टाकलेला हा मार्ग. त्या काळी त्यावर १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडवलेले वाफेचे इंजिन धावत असे, आणि ते १९९४ पर्यंत धावले. दर्यापूरला उतरायचे म्हणून मी खिडकीतून पाट्या वाचत होतो. पण पाटी आली ती ‘बनोसा’ अशी. शेजारच्या शेतकऱ्याने हात धरून उतरवले नसते तर मी थेट अंजनगावला पोहोचलो असतो. दर्यापूर आणि बनोसा ही जोडगावे असून स्थानकाला मान बनोशाच्या नावाचा आहे, हे माझे या गावातले पहिले ज्ञान.

दुसरे ज्ञान बाजाराने दिले. चंद्रभागेच्या काठचे हे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येते. जमीन काळी, कसदार, कपाशीला आणि तुरीला मनासारखी. परंतु विहिरीचे पाणी खारट. ते ना धड पिण्याचे, ना ओलिताचे. त्यामुळे शेतात सोने पिकवणाऱ्या या भागाला भाजीसाठी मात्र उत्तरेकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गोड्या पाण्याकडे पाहावे लागे. अंजनगाव आणि अचलपूरकडची भाजी पहाटे टोपल्यांतून येई, कधी एस.टी.च्या टपावर, कधी शकुंतलेच्या डब्यात पायांशी ठेवून. मोबदल्यात येवदा, खल्लार, वडनेर गंगाई अशा गावांहून माणसे ज्वारी, तूर, हरभरा घेऊन बाजाराला येत. मालाचा हा प्रवास एकदा ध्यानात आला की भाव कोठून सुरू होतो आणि कोठपर्यंत उतरू शकतो, याचा अंदाज बसल्या जागी करता येतो. मी एम.कॉम. होतो, तरुण होतो, आणि अंदाज करण्याची मला हौस होती.

वऱ्हाडात भाव ठरवणे ही मोठी जुनी विद्या आहे. माझ्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. ठाणाच्या टोकाला ते सांकेतिक अक्षरांत खरेदीची किंमत लिहून ठेवीत. गिऱ्हाईक ठाण उलगडून पाही, त्याला ती अक्षरे म्हणजे गिरणीची खूण वाटे. वडिलांना मात्र आपण कोठपर्यंत खाली येऊ शकतो हे एका दृष्टिक्षेपात कळे. गुरांच्या बाजारात तर शब्दही उच्चारायचा नसे. उपरण्याखाली दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांची बोटे दाबीत. भोवती पन्नास माणसे उभी असत आणि बैलाची किंमत फक्त दोघांना ठाऊक असे. या करपल्लवीत शेतकऱ्याचे किती नुकसान होई याच्या कहाण्या घरोघर होत्या. उघड सौदा व्हावा, माप खरे असावे, दलालीला मर्यादा असावी, हा विचार आपल्याकडे अगदी लवकर रुजला, हेही सांगितले पाहिजे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली आपल्या कारंज्याला सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. मी दर्यापूरला होतो तेव्हा एकाधिकार खरेदी योजना चालू होती. १९७२ पासून कापसाचा भाव सरकार ठरवी, व्यापाऱ्याशी घासाघीस उरली नव्हती. शेतकऱ्याची सगळी आर्जवे मग प्रतवारी करणाऱ्यापुढे चालत. भाव ठरलेला असला तरी प्रत ठरायची असे ना!

भाजीबाजाराला यातले कोणतेच कायदे लागू नव्हते. तेथे कायदा सूर्याचा. सकाळी विकणारी वरचढ, संध्याकाळी घेणारा. दुपार कलली की मेथी माना टाकू लागते, परतीच्या गाडीची वेळ जवळ येते आणि सकाळी दोन रुपयांवर अडून बसलेली बाई सव्वा रुपयाला हाका मारू लागते. आमचे बँकेतले सहकारी म्हणूनच संध्याकाळी पिशव्या घेऊन निघत. आमच्या घरी मात्र सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे. त्यामुळे सौ. मला भल्या सकाळी पिटाळी. आलू-कांद्याच्या ढिगांकडे मी वळत नाही, हे आठवडाभरातच साऱ्या ओळीला कळले होते. “जैनाचे साहेब आले, आलू झाका,” असे कुणीतरी हसून म्हणे. पुष्कळदा मी दिवसाचा पहिला ग्राहक असे. या पहिल्या विक्रीला पुण्याकडे भवानी म्हणतात, आमच्याकडे बोहनी. बोहनीचे पैसे कपाळाला लावून मगच कनवटीला जातात. आणि बोहनीचे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले, तर दिवस वाया गेला असे समजतात.

त्या ओळीत भेंडी, गवार आणि दोडकी घेऊन बसणारी एक बाई आमच्या शाखेची कर्जदार होती. तिचे नाव मी येथे देत नाही. ती बँकेत लागलेली सवय आहे. भेदभावी व्याजदर योजनेखाली म्हणजे शेकडा चार टक्क्यांनी तिला पाचशे रुपये दिले होते. त्यापूर्वी ती सावकाराकडून सकाळी नव्वद घेऊन संध्याकाळी शंभर परत करीत असे. तिचा अर्ज मीच भरला होता. रोजची खरेदी वीस किलो, खरेदीचा भाव सरासरी दीड रुपया, विक्रीचा दोन, गाडीभाडे आणि बाजाराची पट्टी वजा जाता दिवसाचे उत्पन्न आठ रुपये. ‘प्रस्ताव व्यवहार्य आहे’ असा शेराही माझाच होता.

एका बाजाराच्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते. मी नेहमीपेक्षाही लवकर गेलो. भेंडी कोवळी होती. तिने दोन रुपये सांगितले. मी म्हणालो, “दीड.” ती हसली. “दीडले तं मलेच पडली साहेब.” मी म्हणालो, “ते मला माहीत आहे.” आणि मी पाठ फिरवली. पाठ फिरवणे ही घासाघिशीतली अखेरची चाल, हे वडिलांच्या दुकानात मी पुरेपूर शिकलो होतो. चार पावले गेलो असेन. मागून हाक आली, “या साहेब, बोहनीचा टाइम हाये, रिकाम्या हातानं नोका जाऊ.” दोन किलो भेंडी तीन रुपयांत घेऊन मी मोठ्या समाधानाने घरी आलो. रुपया वाचवला होता.

मी तेथून निघत असताना मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी हा भाव ऐकला होता आणि “साहेबाले दीडनं देल्ली, मंग आमाले?” असे विचारायला सुरुवातही केली होती, हे मी पाहिले. पाहून पुढे गेलो.

तो रुपया तिच्या दिवसाच्या उत्पन्नाचा आठवा हिस्सा होता, हा हिशेब मला रात्री सुचला. त्याहून जाचली ती दुसरी गोष्ट. तिची खरेदीची किंमत मला बाजारात कळलेली नव्हती, अर्जातून कळली होती. कर्ज मिळावे म्हणून तिने ती विश्वासाने सांगितली होती. वडिलांच्या ठाणावरची अक्षरे गिऱ्हाइकाने चोरून वाचावीत, तसेच हे झाले. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्यव्रताचे अतिचार सांगताना खोटी मापे, मालातली भेसळ, चोरीच्या मालाची खरेदी असे बारकावे मोजून ठेवले आहेत. टेबलाच्या एका बाजूला ऐकलेली गोष्ट दुसऱ्या बाजूला वापरावी का, एवढे मात्र मला त्यात थेट सापडले नाही. कदाचित ते वेगळे सांगण्याची गरज त्यांना वाटली नसेल.

त्या महिन्याचा तिचा पंचवीस रुपयांचा हप्ता आला नाही. त्या एका सकाळमुळे तो चुकला असे मी म्हणत नाही. हिशेबाने ते सिद्धही होणार नाही. पण सूचनापत्रावर सही माझी होती. तिला वाचता येत नव्हते. ते पत्र घेऊन ती माझ्याच टेबलाशी आली आणि ‘काय लिवलं हाये’ म्हणून विचारू लागली. मी वाचून दाखवले. शेवटच्या ओळीतले ‘कायदेशीर कारवाई’ हे शब्द मी गाळले. तिने मान डोलावली, पत्राची घडी घातली आणि उठताना विचारले, “भेंडी कवळी होती ना, साहेब?” पुढच्या महिन्यात तिने दोन्ही हप्ते एकदम भरले. मी काहीच बोललो नाही. काय बोलायचे ते तेव्हा सुचले नाही, आणि वर्षभरात माझी बदली झाली.

(एकदा वसुलीच्या दौऱ्यात आम्ही पूर्णेकाठच्या ऋणमोचनला थांबलो होतो. जीप नेमकी त्या नावाच्या गावी उभी करून थकबाकीदारांची यादी चाळताना सहकारी पोट धरून हसले. गाडगेबाबांच्या स्मृतींनी पावन झालेला तो घाट. मला हसू आले नाही, एवढे आठवते.)

चाळीस वर्षे ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ती वर आली हो ची मिन्ह शहरात. निवृत्तीनंतर एका सहलीबरोबर आम्ही उभयता व्हिएतनामला गेलो होतो. तेथील बेन थान्ह बाजार प्रसिद्ध आहे. फ्रेंचांच्या अमदानीत, १९१४ साली ही इमारत खुली झाली. दर्शनी दरवाजावर घड्याळाचा मनोरा आहे आणि आत अरुंद बोळांतून दुकानांची इतकी दाटी की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे. कॉफी, सुकामेवा, रेशीम, लाखकामाच्या पेट्या. भाषेचा प्रश्न नाही, कारण विक्रेती गणकयंत्रावर आकडा टिपून समोर धरते, आपण खोडून आपला टिपायचा. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग. सारा जन्म आकड्यांत गेलेला मी माणूस, तरी त्या शून्यांनी गोंधळलो. पाच लाखांची नोट हातात घेताना उगीच छाती दडपते.

सकाळची वेळ होती, निम्मी दुकाने नुकती उघडत होती. एका दुकानात लाखेची लहानशी पेटी सौ.ला आवडली. आकडा आला, मी निम्मा टिपला. तिने थोडा उतरवला, मी निम्म्यावरच राहिलो आणि सवयीने पाठ फिरवली. आमचा वाटाड्या घाईने जवळ आला. तो म्हणाला, शक्य असेल तर काहीतरी घ्या. येथे दिवसाच्या पहिल्या ग्राहकावर दिवसाचे नशीब अवलंबून असते असे मानतात. तो घासाघीस करून न घेताच गेला, तर काही विक्रेते कागदाचा तुकडा पेटवून अशुभ घालवतात. त्यासाठी त्यांच्या भाषेत शब्द आहे, ‘मो हांग’. म्हणजे उघडणी.

म्हणजे बोहनी. मी परत फिरलो आणि तिने टिपलेल्या शेवटच्या आकड्याला पेटी घेतली. तिने त्या नोटा दुकानातल्या मालावरून हलकेच फिरवल्या. रात्री हॉटेलात मी सौ.ला दर्यापूरच्या भेंडीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पाहुण्यांना भाजी आवडली होती. मी तुमचे कौतुकसुद्धा केले होते.”

यंदा जानेवारीत एका विवाहानिमित्त दर्यापूरला जाणे झाले. शकुंतला आता बंद आहे. आम्ही अमरावतीहून मोटारीने गेलो. योगायोगाने बाजाराचा दिवस होता, म्हणून सकाळी लवकर निघालो. ताडपत्र्या निळ्या-पिवळ्या झाल्या आहेत, लोखंडी तागड्यांच्या जागी विजेरीचे काटे आले आहेत, त्यांच्यावर पैसे घेण्याचे चौकोनी चिन्ह चिकटवलेले. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे टहाळ, लाल मिरचीचे ढीग आणि विळे-सुपांची ओळ तेवढी जशीच्या तशी. मी दोघा-तिघा वृद्धांना त्या बाईविषयी विचारले. चाळीस वर्षांपूर्वी येथे भेंडी विकणारी बाई, एवढी खूण सांगून कोण ओळखणार? एका आजींनी मिरचीवरची माती झटकत म्हटले, “कोण बाप्पा, लय जनी बसत होत्या.”

एक तरुणी नुकतीच टोपली उघडत होती. तिच्याकडे भेंडी होती. साठ रुपये किलो म्हणाली. मी म्हणालो, “दोन किलो दे,” आणि खिशातून पाकीट काढले. तिचा हात तागडीवर थबकला. तिने माझ्याकडे पाहिले, मग भेंडीच्या ढिगाकडे पाहिले, आणि आपण भाव कमी तर सांगितला नाही ना, अशी शंका तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटली. माझे प्रायश्चित्त तिला काय ठाऊक!

“पन्नास लाव गं,” सौ. मागून म्हणाली.

“नाही पुरत काकू, पहाटं अंजनगावहून आनली. अठ्ठावन द्या.”

“बावन्न.”

“बोहनी हाये काकू, मले नाराज नोका करू.”

“बोहनी आहे म्हणूनच दोन किलो घेते. पंचावन्न, आणि वर सांभार टाक.”

ती मोकळेपणाने हसली. तिने भेंडी तोलली, वर दोन भेंड्या आणखी टाकल्या, मूठभर सांभार ठेवला. मी नोटा काढल्या, तर तिच्याजवळ सुटे नव्हते. तेव्हा सौ.ने आपल्या फोनवरून पैसे दिले. टोपलीजवळच्या छोट्या यंत्रातून एकशे दहा रुपये मिळाल्याचा आवाज आला. तरुणीने आपला फोन उचलला, पडद्यावरचा आकडा पाहिला आणि फोन दोन्ही हातांनी कपाळाला लावला.