गव्याचे पांढरे मोजे

मागच्या टर्ममध्ये आमच्या हाऊसची सहल म्हैसूरच्या प्राणीसंग्रहालयात गेली. म्हैसूरच्या राजघराण्याने 1892 साली सुरू केलेले हे देशातील जुन्या प्राणीसंग्रहालयांपैकी एक. त्या दिवशी फॉल-इन नाही, मार्च नाही. हाऊसमास्टर सर एवढेच म्हणाले, "चार वाजता गेटवर भेटा." आमच्या सहा जणांच्या गटात मी एकटाच मराठी. गळ्यात बाबांचा जुना कॅमेरा होता, कारण गावी आजीला फोटो पाठवायचे मी कबूल केले होते.

एकट्या जिराफाचेच मी चाळीस फोटो काढले. तो लांब, काळपट जीभ काढून पाने ओरबाडत होता आणि मी बटण दाबत होतो. अकराच्या सुमारास कॅमेरा बंद पडला. रात्री मी तो चार्जिंगला लावलाच नव्हता! मित्र हसले. मला मात्र सगळा दिवस वाया गेला असे वाटले.

आता घाई करायचे कारणच उरले नव्हते. आम्ही एका आवारासमोर बसून बिस्किटे खाल्ली. आत एक भला मोठा काळा प्राणी रवंथ करत उभा होता. गुडघ्यापासून खाली चारही पाय पांढरे, जणू पीटीचे मोजे घातलेत. "याला इन्स्पेक्शनमध्ये पूर्ण मार्क!" एक जण म्हणाला. पाटीवर इंग्रजीत 'गौर' लिहिले होते. कोडगूचा मित्र म्हणाला, "आम्ही याला काटी म्हणतो." लखनौचा म्हणाला, "जंगली भैंसा." मग त्यांनी मला विचारले, "मराठीत काय?"

मला आठवेना. सहावीपासून चार वर्षे मी इथे हिंदी-इंग्रजीतच बोलतो. शब्द जिभेवर येऊन परत जात होता.

दुसऱ्या दिवशी रविवारी पत्र लिहायला बसलो. एरवी माझे पत्र चार ओळींचे असते, 'मी येथे खुशाल आहे' वगैरे. या वेळी फोटो फक्त जिराफाचे, म्हणून बाकी सगळे लिहूनच सांगावे लागणार होते. 'बायसन' लिहिले आणि खोडले. आजीला ते काय कळणार? तेव्हा एकदम आठवले. आमचे गाव भुदरगड तालुक्यात आहे. रात्री उसात गवा शिरला की आजी अंगणात उभी राहून पत्र्याचा डबा बडवायची आणि मी तिच्या पदरामागे लपायचो. गवा! मग एकेक शब्द मागून येत गेले: तरस, अस्वल, साळिंदर, सांबर. पत्र चार पानांचे झाले.

पंधरा दिवसांनी आईच्या अक्षरात आजीचे उत्तर आले. तिने पत्र दोनदा वाचून घेतले होते. शेवटी एक प्रश्न होता: "मोजे कळले. पण गव्याचे डोळे कसे होते रे? मी त्याला कायम अंधारातच पाहिला."

मी अर्धा तास त्याच्यासमोर बसलो होतो, पण डोळ्यांकडे पाहिलेच नव्हते. आजीला तसेच खरे लिहून कळवले. पुन्हा म्हैसूरला गेलो की आधी गव्याकडे जाणार आहे, कॅमेरा चालू असो वा बंद.