जॅक सरकू दे, गाडी नको

गॅरेजमधला ट्रॉली जॅक तेलकट, ओरखडलेला असतो. पोऱ्या त्याला पायानंच गाडीखाली ढकलतो. मुरलेला मिस्त्री मात्र दांडा मारण्याआधी जमीन बघतो. जॅकचा हात सरळ वर न जाता कमानीत उचलला जातो. त्यामुळे टोकावरची वाटी मागेपुढे होते आणि तेवढी तफावत भरून काढायला जॅकला स्वतःच्या चाकांवर सरकावं लागतं. कोब्यावर तो सहज सरकतो. मुरमावर चाकं रुततात आणि मग वाटीच गाडीखालून निसटते.

जॅक सरकलाच पाहिजे. गाडी मात्र तसूभरही हलता कामा नये. हँडब्रेकवरचा भरवसा नडतो तो इथंच. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींचा हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. मागची बाजू उचलली, की तो असून नसल्यासारखा. बोलेरोसारख्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. तिचं एकच मागचं चाक उचललं, तर डिफरन्शियलमुळे ते हवेत मोकळं फिरतं आणि गिअरही गाडी धरत नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून उटी लावायची.

जॅक लावायच्या जागाही ठरलेल्या असतात. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला कंपनीनं खाचा ठेवलेल्या असतात. त्या सोडून ऑइल चेंबरखाली वाटी टेकवली, तर चेंबर चेपतो.

जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. जॅकचं तत्त्व तेच: लहान दट्ट्यावरचा दाब तेलातून मोठ्या दट्ट्यापर्यंत पोचतो, आणि एका माणसाच्या हातानं टनभर वजन उचललं जातं. पण उचललेली गाडी तोलून धरतं ते कोंडलेलं तेल. ते अडवायला असतात रबरी सील आणि व्हॉल्व्हमधला बारीक छर्रा. सील झिजलं, छऱ्याखाली कचरा अडकला, की गाडी हळूहळू बसू लागते.

त्यामुळे मिस्त्री चॅसीखाली स्टँड लावतो, दांडा किंचित उलटा फिरवून वजन स्टँडवर टेकवतो. उन्हानं मऊ झालेल्या डांबरावर स्टँडचे पाय रुतू नयेत म्हणून खाली जाड फळी घालतो. बंपरला हात लावून गाडी जरा हलवून बघतो. ती डुगडुगली नाही, तरच खाली शिरतो.


चाक बदलायचं असेल, तर नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करतो आणि शेवटी घट्ट आवळतोही चाक टेकल्यावरच, समोरासमोरचे जोडीनं.